न शिकलेलं दार

"सगळ्यांना उघडते, एका बाबांनाच उघडून नाही राहिलं," केतकी देवतळे फोनवर म्हणाली, तेव्हा कांचन उईकेला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. गॅरेजचं दार बिघडलं तर ते सगळ्यांसाठी बिघडतं. स्प्रिंग तुटली की घरातल्या कर्त्या माणसालाही ते हलत नाही आणि पाहुण्यालाही. माणूस बघून बिघडणारं दार कांचनने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"परवा तर फार वाईट झालं," केतकी पुढे म्हणाली. "मी कामावर होते. बाबा भाजी घेऊन आले आणि बाहेरच अडकले. फोन घरातच राहिलेला. शेजारच्या काकूंचं लक्ष गेलं तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, तोंड लालबुंद. हा एप्रिल आहे हो. आजच या."

कांचनने स्कूटर वर्धा रोडच्या दिशेने वळवली.

नागपुरात बंद गॅरेजं आली ती हौसेपोटी नव्हे. ऊन असं चढत गेलं, की उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या वेळेआधीच म्हाताऱ्या होऊ लागल्या. मग नव्या वसाहतींत प्रत्येक घराला उष्णता अडवणाऱ्या जाड दाराचं गॅरेज बांधायची पद्धत पडली. गाडी तिथे, घराची बॅटरी तिथे, आणि हळूहळू माणसांची ये-जाही तिथूनच. पुढचं दार पाहुण्यांपुरतं उरलं आणि बहुतेक घरांत ते आतून कडी लावून बंदच असे.

या दारांना किल्ली नव्हती, रिमोट नव्हता. 'सुद्वार' कंपनीची दारं माणसाची चाल ओळखत. गॅरेजसमोरच्या फरशीखाली केसाएवढा काचेचा धागा नागमोडी अंथरलेला असे. त्यातून सतत प्रकाशाचे ठोके धावत. वर पाऊल पडलं की फरशी अगदी कणभर दबते, धागा ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. टाच आधी टेकते की चवडा, दोन पावलांमध्ये किती वेळ जातो, भार कोणत्या पायावर जास्त, हे सगळं त्या बदलात उमटतं. दोन माणसांचे आवाज जसे सारखे नसतात तशाच चालीही. मोटरशेजारच्या डबीत घरच्या माणसांच्या चाली साठवलेल्या असत. जुळली की दार वर जायचं. चोराला किल्लीची नक्कल करता येते, पण दुसऱ्याच्या पायांनी चालता येत नाही, असं कंपनीची माणसं दार विकताना सांगत.

ही दारं बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे कांचनचं काम होतं. आयटीआय करून ती या धंद्यात आली आणि रमली होती.

दिवाकर देवतळे गॅरेजमध्ये खुर्ची टाकून तिची वाटच बघत होते. सत्तरी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. "ये बेटा," ते म्हणाले. "या दाराला माझा काय राग आलाय ते विचार जरा."

"विचारते ना काकाजी. आधी त्याची तब्येत बघू द्या."

तिने दार बंद केलं, लाल दोरी ओढून ते मोटरपासून सोडवलं आणि हाताने अर्ध्यावर उचलून सोडून दिलं. दार कमरेइतक्या उंचीवर तसंच थांबलं, ना खाली आलं ना वर गेलं. म्हणजे स्प्रिंगा ठीक होत्या. दारातून कुणी जात असेल तर ते खाली येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे होते. त्यातल्या एकावर कोळ्याने जाळं विणलं होतं. तिने ते पुसलं. डावीकडचा एक रोलर झिजला होता, तो बदलला. मोटर नीट होती.

मग तिने केतकीला चालत यायला सांगितलं. दार उघडलं. दिवाकररावांना सांगितलं. दार जागचं हललं नाही.

"बघ," ते म्हणाले. "आणि दार बसवायला पैसे मीच दिले होते."

केतकी हसली, पण कांचनला तिचं हसणं जरा घाईचं वाटलं.

शोधता शोधता कांचन डबीकडे जाणाऱ्या तारांच्या कोपऱ्यातल्या जोडापाशी पोचली. वर डेझर्ट कूलर होता आणि त्याचं पाणी थेंब थेंब त्या जोडावर पडत आलं होतं. तांब्यावर हिरवा थर चढलेला. तिने तो खरवडला, जोड नवा केला, वरून रबराचं टोपण बसवलं. "आता या काकाजी. नीट चाला."

दिवाकरराव फाटकापाशी गेले, खांदे मागे घेतले आणि परेडला निघाल्यासारखे एकेक पाऊल उचलून आले. दार सर्रकन वर गेलं.

"शाब्बास!" ते म्हणाले. केतकीने टाळ्या वाजवल्या. कांचनने ताक प्यायलं आणि समाधानाने निघाली. डबीतलं मेमरी कार्ड ओल लागून खराब झालेलं तिला दिसलं होतं. त्यावरचं वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. नवं कार्ड मागवून पुढच्या खेपेला बसवायचं तिने ठरवलं. तेवढं काही घाईचं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुन्हा तक्रार आली. या वेळी फोन दिवाकररावांनीच केला होता.

ती गेली तेव्हा केतकी कामावर होती. तिचा नवरा, म्हणजे दिवाकररावांचा मुलगा निनाद, कामासाठी व्हिएतनामला असायचा. घरात म्हातारे एकटेच होते. कांचनने नवं कार्ड आणलं होतं, पण दार असं का वागतंय ते तिला आधी समजून घ्यायचं होतं. तिने टॅब डबीला जोडला. "काकाजी, तुमच्या चालीची नोंद बघायला तुमची परवानगी लागते. ज्याची चाल त्याची नोंद, असा नियम आहे."

"दिली. बघ."

"आता नेहमीसारखे चाला. त्या दिवशीसारखं नाही. बाजारातून आल्यासारखं."

ते चालत आले. टॅबवर रेघ उमटली. कांचनने तिच्यावर जुनी रेघ ठेवली, दार बसवलं त्या वर्षीची. आणि तिच्या लक्षात आलं, की दार चुकत नव्हतं. या दोन रेघा एका माणसाच्या आहेत असं तिलाही वाटलं नसतं.

"दाखव इकडे," दिवाकरराव म्हणाले.

"काकाजी, त्यात तसं काही..."

"अगं, कंपनांच्या रेघा बघण्यात माझा जन्म गेला. दाखव."

ते कोळशाच्या भूमिगत खाणीत कंपनमापनाचे अधिकारी होते. खाणीचं छत बसण्याआधी खडक आतल्या आत बारीक कुरकुरतो. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही, यंत्राला येतं. ती कुरकुर वाचून ते पाळीच्या माणसांना वर बोलवायचे.

त्यांनी चष्मा लावला, टॅब गुडघ्यावर घेतला. दोन्ही रेघांवरून सावकाश बोट फिरवलं.

"ही जुनी बघ," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज कामावरच्या माणसासारखा झाला होता. "इथे टाच पडली, हे उंच टोक. मग दरी. मग चवडा. पुन्हा टाच. आणि ही आजची. टाच कुठे आहे? टाच नाहीच. सगळी घासटी आहे. पाय उचललेच जात नाहीत माझे. दोन पाय फाकून, घासत चालतो मी." त्यांनी टॅब तिच्या हातात दिला. "दार शहाणं आहे तुझं."

"पण त्या दिवशी उघडलं होतं."

"त्या दिवशी तुम्ही दोघी बघत होत्या. लक्ष देऊन चाललो. रोज कोण लक्ष देऊन चालतं?"

कांचनने पिशवीतून नवं कार्ड काढलं तसं ते म्हणाले, "ते काय?"

तिने सांगितलं. बाकी सगळ्या घरांतली दारं रोज थोडं थोडं शिकत. माणूस लठ्ठ होतो, म्हातारा होतो, गुडघा दुखू लागतो, तशी डबीतली चालही दार हळूहळू बदलून घेतं, म्हणजे कुणाला अडकायला नको. यांच्या दाराचं कार्ड खराब झाल्यामुळे त्याला काही शिकता आलं नव्हतं. त्याच्या लेखी दिवाकर देवतळे अजून तसेच होते, दार बसवलं त्या दिवशीचे. नवं कार्ड घातलं की जुनी चाल जाणार, आजची चाल शिकवली की दार पुन्हा उघडू लागणार.

"मग घाल कार्ड," ते म्हणाले. "शिकव आजची. आणि केतकीला सांगायचं, वायर ढिली होती."

"काकाजी..."

"हे बघ बेटा." ते जरा थांबले. "माझी बायको शैला. विसरायला लागली तेव्हा आम्ही हसायचो. मग ती गॅस विसरली, मग रस्ता, मग मला. केतकी नवी नवरी होती तेव्हा. पोरीने हौसेची सगळी वर्षं सासूला भरवण्यात घालवली, एका शब्दाने बोलली नाही. आता संक्रांतीपासून माझं सुरू झालंय. नावं आठवत नाहीत. आणि..." त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "बाथरूमपर्यंत पोचायला उशीर होतो कधीकधी. मला माहीत आहे हे काय आहे. जेवढे दिवस झाकता येईल तेवढे दिवस झाकायचं. पुन्हा तेच त्या पोरीच्या वाट्याला नको."

बाहेर ऊन रणरणत होतं. कांचन हातातल्या कार्डाकडे बघत राहिली. कंपनीचा नियम स्पष्ट होता: ग्राहकाच्या तब्येतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ग्राहक सांगतोय, शिकव. तेवढं केलं की तक्रार संपली.

"काकाजी, एक विचारू? खाणीत अशी रेघ बदललेली दिसली, की तुम्ही काय करायचे?"

"माणसं वर काढायचो."

"रेघ पुसायचे?"

दिवाकररावांचा चेहरा कठोर झाला. "तू दार दुरुस्त करायला आलीस. ते कर."

"मी डॉक्टर नाही जी. हे काय आहे ते मला माहीत नाही. पण तुम्हालाही नाही माहीत. तुम्ही खडकांचे डॉक्टर." तिने कार्ड पुन्हा पिशवीत टाकलं. "हे कार्ड मी आज घालणार नाही. ही नोंद एकदा गेली की पुन्हा येणार नाही. तुम्हाला पाहिजेच असेल तर कंपनीला फोन करा, दुसरं कुणीतरी संध्याकाळच्या आत येऊन घालून देईल. हक्क तुमचाच आहे. केतकीताईंना मी काही सांगणार नाही, तेही तुमचंच काम आहे. फक्त माझ्या हाताने पुसायला लावू नका."

"निघ," ते म्हणाले.

ती लगेच निघाली नाही. पिशवीतून दुरुस्तीच्या वेळी वापरायचं एक बिनतारी बटण काढून तिने बाहेरच्या भिंतीवर, सावलीच्या बाजूला बसवलं. बटण दाबून दार उघडतं का ते दोनदा पाहिलं. "उन्हात थांबू नका," एवढं म्हणून तिने स्कूटर सुरू केली. दिवाकररावांनी वर पाहिलं नाही.

वाटेत तिचे साहेब बोबडे यांचा फोन आला. दोनदा जाऊनही तक्रार मिटली कशी नाही?

"कार्ड बदलायचं बाकी आहे सर. पुढच्या खेपेला बदलते."

"कार्ड बदलायला काय लागते? तू काय करून राहिली तिथे?"

गाडीवर आहे, असं सांगून तिने फोन ठेवला. ते दिवस तिला वाईट गेले. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसलं, असं वाटायचं. एखादं दार उचलून धरलेलं असताना मध्येच आठवायचं, की म्हातारे भिंतीला टेकून बसले असतील तर? बटण सापडलं नाही तर? रोज सकाळी ती कामांची यादी उघडताना देवतळ्यांचं नाव दुसऱ्या कुणाला गेलंय का ते बघायची. गेलेलं नसायचं.

मग एका रविवारी दिवाकररावांचा फोन आला. "ये. टॅब घेऊन ये. केतकी घरी आहे."

गॅरेजमध्ये तीन खुर्च्या मांडल्या होत्या. दिवाकररावांनी सुनेला समोर बसवलं आणि खाणीतल्या माणसांसमोर बोलावं तसं स्वच्छ, एकेक मुद्दा सांगितला. ही जुनी रेघ, ही नवी. पाय घासतात. नावं विसरतो. बाथरूमचं सांगताना मात्र ते अडखळले.

"बाबा," केतकी म्हणाली, "या घरात चादरी कोण धुतं?"

"मशीन धुते."

"आणि मशीनमध्ये कोण टाकतं?"

दिवाकररावांनी चष्मा काढला.

"तुम्ही पहाटे उठून चादर पाण्यात बुडवून ठेवता, पुन्हा पिळून दोरीवर टाकता. मी नंतर ती काढून पुन्हा धुते. मला वाटायचं, मी विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल. म्हणून..." तिचा आवाज फुटला. "मलाही वाटत होतं, की आईंसारखंच. निनादला सांगायचा धीर झाला नाही. फोन झाला की तो विचारतो, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणते, मजेत."

"अगं वेडे," म्हातारे म्हणाले. "मग दोघं मिळून कुणापासून लपवत होतो आपण?"

कांचनने पाठ वळवली आणि ज्या रोलरांना तेलाची काही गरज नव्हती त्यांना तेल घालू लागली. मग केतकी नाक पुसत म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जायचं. कांचनताई, त्या रेघा मला पाठवता येतात का?"

"काकाजी हो म्हणाले की येतात."

"हो म्हणतो," दिवाकरराव म्हणाले. "पाठव."

मेंदूच्या डॉक्टर शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही रेघा नीट बघितल्या, दिवाकररावांना खोलीभर चालवलं, वळायला लावलं. मग केतकीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: चाल आधी बिघडली, की विसरणं आधी सुरू झालं?

केतकी आठवू लागली. विसरणं संक्रांतीनंतरचं. आणि दार? दार पहिल्यांदा अडलं ते दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाबा झेंडूची फुलं घेऊन आले, दार उघडेना, आणि घरातले सगळे हसले होते, की लक्ष्मी यायच्या वेळीच दार रुसलं. म्हणजे चाल आधी. निदान दोन-अडीच महिने आधी.

"आईंचं कसं होतं?"

"आईंची चाल शेवटपर्यंत चांगली होती. त्या चालत चालत हरवायच्या."

डॉक्टरबाईंनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला. तो बघून त्यांनी दोघांना समजावलं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांत पाणी खेळतं असतं. रोज नवं तयार होतं, जुनं शोषलं जातं. काही म्हाताऱ्या माणसांत ते नीट शोषलं जात नाही. पोकळ्या फुगतात आणि आजूबाजूच्या मेंदूवर दाब येतो. आधी पाय जड होतात, जमिनीला चिकटल्यासारखे. मग लघवीवरचा ताबा जातो, मग स्मरण. लोक म्हणतात, म्हातारपण आलं, आणि सोडून देतात. "पण हे दाबाचं दुखणं आहे. विसरण्याचा तो दुसरा आजार नव्हे. दाब काढता येतो. सगळंच परत येईल असं मी म्हणत नाही. पण आधी बघू, पाणी काढून काय होतं ते."

पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढलं. काही तास त्यांना आडवं ठेवलं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, चला.

कांचन तेव्हा मानेवाड्यात एका दाराची तुटलेली स्प्रिंग बदलत होती. केतकीचा फोन आला, पण बोलणं कळेना. नुसतं हसणं आणि रडणं. मग मागून दिवाकररावांचा आवाज आला, जरा लांबून: "अगं तिला सांग, टाच पडते आहे! टाच!"

कांचन तिथल्याच पायरीवर बसली. घरमालकीण पाणी घेऊन आली आणि विचारू लागली, काही वाईट बातमी आहे का?

"नाही जी," कांचन म्हणाली. "चांगली आहे. फार चांगली आहे."

पावसाळ्यात ऑपरेशन झालं. डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घातली. जास्तीचं पाणी ती पोटात सोडते आणि तिथे ते मुरून जातं. निनाद रजा काढून आला होता. घरी आल्यावर काही आठवड्यांनी दिवाकररावांनी कांचनला बोलावलं. सगळेजण गॅरेजमध्ये जमले. ते फाटकापाशी गेले आणि चालत आले, बाजारातून आल्यासारखे.

दार उघडलं नाही.

निनादचा चेहरा पडला. कांचनने टॅब बघितला. रेघेत टाच होती, दरी होती, चवडा होता. पण पावलं जुन्या पावलांपेक्षा आखूड होती आणि उजवा पाय किंचित उशिराने पडत होता. ही आजारातली चाल नव्हती, दार बसवलं तेव्हाचीही नव्हती.

"तिसरीच आहे," ती म्हणाली.

दिवाकररावांनीही रेघ बघितली. मान डोलावली. "आजाराच्या आधीचा मी परत येणार नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. नावं अजून निसटतात माझ्या हातून. काल शेजाऱ्याला भलत्याच नावाने हाक मारली." ते हसले. "पण हा बरा आहे. घाल कार्ड. याला शिकव."

कांचनने जुनं कार्ड काढलं, नवं घातलं. ते दहा-बारा वेळा चालले. शेवटी घाम पुसत म्हणाले, बस कर, नाहीतर हे पाय झिजायचे.

त्यानंतर कांचनने बोबडे साहेबांना सगळं सांगितलं. ग्राहकाच्या घरात जे बोलू नये ते बोलले, हेही सांगितलं. साहेब आधी चिडले, मग घरचं सांगू लागले. त्यांच्या वडिलांचे पाय गेली दोन वर्षं जड झाले होते आणि घरचं दार त्यांना रोज निमूट उघडत होतं. प्रकरण वर गेलं. बऱ्याच चर्चेनंतर कंपनीने ठरवलं, की ज्याला हवं असेल त्याची पहिली चाल दार जपून ठेवील आणि फार फरक पडला तर त्याला, फक्त त्यालाच, कळवील. ज्याला नको त्याला नाही. घरोघरी जाऊन विचारायचं काम तंत्रज्ञांवर आलं. काही जण लगेच हो म्हणाले. काहींना भीती वाटली, की विमावाल्यांच्या हाती लागेल. धंतोलीतल्या एका आजीबाईंनी तर कांचनला बजावलं, "मी चालते तशी चालते. मला कोणी सांगायची गरज नाही." कांचनने 'नको' वर बोट ठेवलं, त्यांच्याकडचा चहा घेतला आणि वाद घातला नाही. कळून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं तिला मनापासून वाटू लागलं होतं. आपण देवतळ्यांच्या घरी केलं ते बरोबर होतं की नुसतं नशीब चांगलं होतं, हे मात्र तिला कधी नीट ठरवता आलं नाही.

थंडी पडल्यावर केतकीचा निरोप आला. काटोलकडे तिच्या माहेरच्या शेतावर रोडग्यांचा बेत आहे, यायचंच. कांचन आईला घेऊन गेली.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले जात होते, मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत होती. निनाद पुन्हा आला होता. तो कांचनशी बोलायला आला, दोनदा तोंड उघडलं आणि म्हणाला, "तुमचा प्रवास ठीक झाला ना?" मग स्वतःच ओशाळून हसला आणि डोळे पुसत गोवऱ्या सारायला गेला.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. केतकी वाढायला उठली तशी दिवाकररावांनी तिच्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं. "तू बस. आज मी वाढतो."

"बाबा, वाकायचं आहे. जमेल?"

"बस म्हटलं ना."

नांगरलेल्या जमिनीवर एका बाजूने ते वाढत निघाले. प्रत्येकापुढे वाकायचे, रोडगा फोडायला लावायचे, त्यावर तूप सोडायचे, पुढचं पाऊल टाकायचे. एकदा ढेकळावरून तोल गेला तसा निनाद अर्धवट उठला, पण त्यांनी स्वतःच सावरलं. केतकीचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. ती नुसती बघत होती.

कांचनपुढे ते आले आणि थांबले. "बेटा," ते म्हणाले, "लोक दारं दुरुस्त केल्याबद्दल तुझे आभार मानत असतील. तू माझं दार तसंच ठेवून गेलीस. मी तुला त्या दिवशी निघ म्हणालो, आणि तरी तू बटण लावून गेलीस." पुढचे शब्द त्यांना सापडेनात. आजारामुळे सापडत नव्हते की दुसऱ्या कशामुळे, ते कळत नव्हतं. "मला हे असलं बोलता येत नाही. रोडगा फोड."

कांचनने रोडगा फोडला. त्यांनी तूप सोडलं.

"पुरे काकाजी."

त्यांनी भांडं तसंच तिरपं धरलं.

"पुरे ना जी, वाहून राहिलं!"

"वाहू दे," दिवाकरराव म्हणाले, आणि ओतत राहिले.